सोपी हस्तकला, अवघड प्रश्न : आजीच्या वाकळेवरून थोडं संशोधनाबद्दल

गेल्या नवरात्रात काटेवाडीला गेले, तेव्हा बॅगेत रंगीत कार्डपेपर, गोंद आणि चार कात्र्या होत्या. म्हाताऱ्या माणसांसाठी सोपी हस्तकला म्हणून छोटे आकाशकंदील करायचं ठरवलं होतं. ओट्यावर आजी आणि तिच्या वयाच्या चार-पाच जणी जमल्या. वीस मिनिटांत कंदील तयार. आजी म्हणाली, "आगं, ह्ये बालवाडीतलं काम हाय. आमाला कशाला लावतीस?" मग कुणीतरी कापूस काढला आणि फुलवाती वळता वळता दीड तास गप्पा चालल्या.

माझी चूक साधी होती. 'सोपं' म्हणजे कुणासाठी सोपं, आणि ते सोपं असून नेमकं काय साधायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना आपण बहुतेक जण इथेच अडकतो.

"हस्तकलेमुळे ज्येष्ठांना फायदा होतो का?" हा प्रश्न ऐकायला छान आहे, पण तपासता येत नाही. कारण 'हस्तकला' या एका शब्दात किमान चार गोष्टी आहेत : बोटांची हालचाल, चार माणसांची सोबत, काहीतरी नवं शिकणं आणि उपयोगाची वस्तू हातून झाल्याचं समाधान. फायदा झालाच, तर यातल्या कशामुळे झाला? आणि 'फायदा' म्हणजे काय मोजणार? स्मरणशक्ती, मनःस्थिती की बोटांची पकड?

आता दोन अभ्यास शेजारी ठेवून बघू.

पहिला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. ७० ते ८९ वयाच्या १,३२१ लोकांना ते कोणकोणत्या गोष्टी करतात हे विचारलं. विणकाम, गोधडी शिवणं अशी हस्तकला करणाऱ्यांमध्ये स्मरण आणि विचारशक्तीतली सौम्य घट कमी आढळली. लगेच "गोधडी शिवा, विसरभोळेपणा टाळा" असं म्हणावंसं वाटतं. पण थांबा. इथे सवय आणि घट, दोन्हींची माहिती एकाच टप्प्यावर घेतली होती. शिवल्यामुळे स्मरण टिकलं, की स्मरण टिकलं म्हणून शिवणं चालू राहिलं? सहसंबंध दिसतो, कार्यकारणभावाची दिशा कळत नाही.

हे मला पुस्तकातून समजलं होतं, पटलं मात्र घरी. आजीने दोन वर्षांपूर्वी वाकळ शिवणं सोडलं. त्याच सुमारास ती नावं विसरायला लागली. घरात दोन मतं : एक, शिवणं सोडलं म्हणून विसरते, दुसरं, विसरते म्हणून शिवणं सुटलं. तिलाच विचारलं, तर म्हणाली, "सुईत दोरा जात न्हाई." डोळ्यांत मोतीबिंदू होता. म्हणजे शिवणं सुटण्याचं कारण तिसरंच निघालं, आणि ते आम्ही कुणी मोजलंच नव्हतं. विसरण्याचं कारण अजूनही वेगळंच असू शकतं. तुमच्या प्रश्नावलीत नजर, ऐकू येणं, शिक्षण, सांधेदुखी नसेल, तर तुमची आकडेवारीही असंच फसवेल.

दुसरा अभ्यास टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांचा, २०१४ चा. यात ६० ते ९० वयाचे २२१ जण होते. कोण काय करणार हे त्यांच्या आवडीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. काहींनी गोधडीकाम शिकायचं, काहींनी डिजिटल फोटोग्राफी, काहींनी दोन्ही. एका गटाने सहली आणि गप्पाटप्पा करायच्या, पण नवं काही शिकायचं नाही. आणखी एका गटाने घरी गाणी ऐकणं, शब्दकोडी सोडवणं अशी कामं करायची. आठवड्याला सुमारे १५ तास, तीन महिने. नवं कौशल्य शिकणाऱ्यांची प्रसंग लक्षात ठेवण्याची स्मृती सुधारली, आणि सुधारणा सर्वांत ठळक होती ती फोटोग्राफी शिकणाऱ्यांमध्ये.

गप्पांच्या गटाकडे नीट बघा. तो गट नसता, तर "सोबतीमुळेच सुधारले असतील" या शंकेला उत्तर नव्हतं. नियंत्रण गट निवडताना स्वतःला विचारा : माझ्या निष्कर्षावर सर्वांत मोठी शंका कोणती, आणि हा गट तिला उत्तर देतो का?

मग शरदात, दसरा-दिवाळीच्या आधी, घरच्या ज्येष्ठांसोबत काय करावं? मी आता तीन गोष्टी करते.

फुलवाती : कापसाची छोटी चकती करायची, मध्ये चिमटीत धरून दुधाच्या बोटाने टोक वळायचं. जिला हे येतं, तिने शिकवायचं. शिकणारे आपण.

झेंडूचं तोरण : दोन फुलं, एक आंब्याचं पान, असा साधा क्रम घ्यायचा. जमलं की क्रम बदलायचा. लक्षात ठेवण्याचं काम हळूहळू वाढतं.

तुकड्यांची वाकळ : पूर्ण वाकळ मोठी होते, म्हणून बसायच्या आसनाएवढी. जुन्या लुगड्याचे दोन-तीन थर, वर कापडाचे तुकडे, कडेपासून मध्याकडे धावदोरा. दहा सुयांत आधीच दोरा ओवून ठेवायचा, बसायचं सकाळच्या उजेडात. तुकड्यांची मांडणी मात्र नेहमीपेक्षा वेगळी, त्यांनीच ठरवलेली.

तिन्हींत अडचण कमी केली आहे ती डोळ्यांची आणि बोटांची. डोक्याला काम ठेवलं आहे.

यातून आजीची स्मृती सुधारली, असं मी लिहिणार नाही. एक आजी, नियंत्रण गट नाही, आणि मोजणारी तिची नात. दिवाळीपर्यंत तिचं आसन मात्र पूर्ण झालं. मी कोपऱ्यातला एक टाका चुकवला होता, तो तिने उसवून परत घालायला लावला.