न चिकटणारा साचा

जालना शहर पोलादी सळयांसाठी ओळखले जाते. तेथील कारखान्यांत भंगार वितळवून पोलादाचा रस साच्यात ओततात. केकवरचे साखरेचे फूल घडवणारा मऊ साचाही असेच काम करतो. मात्र तो सिलिकोनचा असतो.

सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि सिलिकोन हे त्याचे संयुग, यांत आपण गल्लत करू नये. सिलिकोनच्या रेणूत सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणू आळीपाळीने साखळीत गुंफलेले असतात. वाळूतही हीच मजबूत जोडी असते. म्हणून सिलिकोन सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता सोसतो. साखळीच्या बाजूंना मिथिल गट असतात. त्यांच्यामुळे इतर पदार्थ त्याला सहसा चिकटत नाहीत. पाण्याचा एक थेंब स्वच्छ काचेवर व एक साच्यावर टाकून पाहा. काचेवरचा पसरतो, साच्यावरचा फुगीर राहतो.

मग रेझिनचे पदक ओतलेल्या साच्यातच केकचे फूल करावे का? नाही. न चिकटणे म्हणजे न शोषणे नव्हे. पूर्ण न जमलेल्या इपॉक्सी रेझिनचा अंश सिलिकोनमध्ये मुरून पुढे अन्नात उतरू शकतो. साचा धुतला तरी खात्री देता येत नाही. म्हणून ‘अन्न’ व ‘हस्तकला’ असे साचे खुणा करून वेगळे ठेवावेत, असे आम्ही सुचवतो.

इपॉक्सी व त्याचा हार्डनर त्वचेला अपायकारक असल्याने वर्गात त्याऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरावे. ते जमताना साचा कोमट का लागतो, हेही विद्यार्थ्यांना विचारावे.