‘काहीच घडत नाही’ म्हणतात त्या सिनेमांबद्दल

२०२४ आणि २०२५ मध्ये आलेल्या चार सिनेमांबद्दल आज बोलू या. एक मराठी, एक तमिळ, एक हिंदी आणि एक बराचसा मल्याळम. चारही गंभीर, चारही परदेशातल्या महोत्सवांत गाजलेले. आणि या चारांबद्दल मी एकच तक्रार ऐकत आलोय: “चांगला आहे हो, पण काहीच घडत नाही. फार संथ.”

मी समीक्षक नाही. तिकीट काढून सिनेमा बघणारा माणूस आहे. संथ सिनेमाचा मलाही कंटाळा येतो, आणि महोत्सवात गाजला म्हणून कुणी कंटाळा गोड मानून घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण या चार सिनेमांत घडतं, भरपूर घडतं. फक्त ते कुठे घडतं, तिकडे आपलं लक्ष नसतं. आपल्याला सवय आहे ती भांडणाची, रहस्य फुटण्याची, मग रडण्याची. यात मात्र प्रत्येकाकडे सांगता न येणारी एक गोष्ट आहे, आणि ती सांगावी की गिळावी, हा सगळा खेळ आहे. एवढं ध्यानात ठेवून बघितलं की तो ‘संथपणा’ म्हणजे माणूस बोलू की नको हे ठरवत असतो तो वेळ आहे, हे दिसायला लागतं.

आपल्या मराठीपासून सुरुवात करतो. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक नाट्यपट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं, आणि १९ सप्टेंबर २०२५ ला तो आपल्याकडे लागला. गोष्ट म्हटली तर दोन ओळींची. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या आनंदचे वडील वारतात. दहा दिवसांच्या सुतकासाठी तो आईबरोबर गावी येतो. तिथे त्याला बाळ्या भेटतो, लहानपणचा मित्र. आनंदला पुरुष आवडतात. आईला ते ठाऊक आहे, गावाला नाही.

आता बघा, दिग्दर्शकाने सुतक का निवडलं असेल? स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या अनुभवातून त्यांना हा सिनेमा सुचला, हे त्यांनी सांगितलंच आहे. पण त्यापलीकडे सुतक ही नाट्यासाठी फार सोयीची जागा आहे. घर सोडून जाता येत नाही. पायात चप्पल नाही, खाण्यापिण्यावर बंधनं. येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक सांत्वनाचे चार शब्द बोलतो आणि पाचवा शब्द लग्नाचा काढतो. “वय किती झालं याचं?” हा प्रश्न आपल्यापैकी कुणी ऐकला नाही? तोच प्रश्न इथे तलवारीसारखा लटकत राहतो. कुणी आवाज चढवत नाही. काकांचं, आत्यांचं वागणं दुष्टपणाचं नाहीच, काळजीचंच आहे. खलनायक असता तर आनंद भांडला असता. काळजी करणाऱ्याशी भांडायचं कसं?

कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी उभा असतो, आणि पार्श्वसंगीत नाही. अजिबात नाही. आता कुठे हळवं व्हायचं हे सांगणारी बासरी नाही की व्हायोलिन नाही. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं हे अंगावर येतं, मला तर खुर्चीत चुळबुळ होत होती. मग कान बदलतात. शेळ्या ऐकू येतात, भांडी ऐकू येतात, आणि एखाद्याने उत्तर द्यायला घेतलेला वेळही ऐकू येतो. आईचं काम जयश्री जगताप यांनी केलंय. ही आई मोठं भाषण देत नाही. मुलाच्या बाजूने उभी राहते म्हणजे काय करते, तर विषय बदलते, मध्ये पडते, त्याला जरा एकटं सोडते. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांचे आनंद-बाळ्याही तसेच. निवडुंगाचं ते लाल बोंड काटे काढून खायला देणं, यापेक्षा मोठा प्रेमाचा संवाद त्यांना लागत नाही.

माझी एक कुरकुर आहे. मधल्या भागात काही दृश्यं एकाच सुरात येतात आणि पुढचं दृश्य कसं असेल याचा अंदाज यायला लागतो. पण शेवटाकडे सिनेमा पुन्हा पकड घेतो. शेवट सांगत नाही, बघा.

‘साबर बोंडं’त दडपण प्रेमातून येतं. पी. एस. विनोदराज यांच्या ‘कोट्टुक्काळी’त ते सरळ जोरजबरदस्तीतून येतं. हा तमिळ सिनेमा ऑगस्ट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. नावाचा अर्थ हट्टी मुलगी. मीना नावाच्या मुलीचं दुसऱ्या जातीतल्या मुलावर प्रेम आहे, म्हणून तिला ‘बाधा’ झाली असं घरच्यांनी ठरवलंय, आणि सगळं कुटुंब तिला रिक्षात घालून एका मांत्रिकाकडे निघालंय. बरोबर एक कोंबडा. आना बेनची मीना जवळजवळ सगळा सिनेमा गप्प आहे, आणि इथेही पार्श्वसंगीत नाही. तिच्याशी लग्न ठरलेला पांडी, म्हणजे सूरी, घसा बसलेला, गळ्याला चुना लावून फिरतो. म्हणजे बोलण्याचा हक्क ज्याला आहे त्याचा आवाज बसलाय, आणि जिचा आवाज चांगला आहे ती बोलत नाही! वाटेत एक गाणं लागतं, मीनाचे ओठ जरा हलतात, आणि पांडीचा स्फोट होतो. एवढ्याशा गुणगुणण्यावर. एका प्रसंगी रिक्षा वळवायची असते तर मीनाला खाली उतरवत नाहीत, ती आत बसलेली असताना पुरुष अख्खी रिक्षा उचलून फिरवतात. तिचं त्या घरात काय स्थान आहे, हे यापेक्षा कमी शब्दांत कसं सांगणार? या सिनेमात ‘काही घडत नाही’ असं म्हणणाऱ्याला मी हे दृश्य पुन्हा बघायला सांगतो.

‘साबर बोंडं’नंतर बरोबर एका आठवड्याने, २६ सप्टेंबर २०२५ ला, नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ आला. हा चौघांत सगळ्यात बोलका. बशारत पीर यांच्या २०२० सालच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या लेखावर तो बेतलेला आहे. टाळेबंदीत गावाकडे निघालेल्या दोन मित्रांची ती खरी हकिगत. सिनेमात त्यांचे शोएब आणि चंदन झालेत. एक मुसलमान, एक दलित. दोघांना पोलीस शिपाई व्हायचंय, कारण वर्दी अंगावर आली की कुणी आडनाव विचारणार नाही, असा त्यांचा हिशेब.

माझ्या मते सिनेमाचा सगळा जीव एका अर्जात आहे. भरतीच्या अर्जात चंदन आपला प्रवर्ग लिहीत नाही, ‘सर्वसाधारण’ भरतो. राखीव जागेचा हक्क असताना सोडून देतो, कारण तो हक्क घेतला की ओळख उघडी पडते. वरवर किती साधी कृती, एक रकाना. पण त्यात नोकरीही पणाला लागलीय आणि लाजही. आरक्षणावर आपल्याकडे इतका आरडाओरडा होतो, पण तो रकाना भरताना हात का अडखळतो, हे हिंदी पडद्यावर मी इतकं स्पष्ट क्वचितच पाहिलं. शोएबचंही तसंच. ऑफिसात एक सहकारी त्याला आपली पाण्याची बाटली भरू देत नाही. कारण सांगत नाही. कारण न सांगण्यातच सगळं असतं. विशाल जेठवा आणि ईशान खट्टर दोघंही उत्तम, त्यातही जेठवाचं खाली बघत बोलणं विसरता येत नाही.

मात्र हा सिनेमा स्वतःवर पुरेसा विश्वास ठेवत नाही. बाटलीच्या प्रसंगानंतर, पार्टीतल्या अपमानानंतर, जे चेहऱ्यावर दिसून गेलंय ते पुन्हा संवादात येतं, संगीत त्याला दुजोरा देतं. जान्हवी कपूरची सुधा तर पुष्कळदा विचार मांडण्यासाठीच आलीय असं वाटतं. कुणी म्हणेल, जास्त लोकांपर्यंत पोचायचं तर एवढं बोलावंच लागतं. असेलही. पण प्रेक्षक रडला तो शेवटच्या रस्त्यावर, जिथे दोघं जवळपास काही बोलत नाहीत.

चौथा सिनेमा पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’. २०२४ च्या कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं, आणि तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पोचला तो तीस वर्षांनी. मुंबईच्या रुग्णालयातल्या दोन मल्याळी नर्स, प्रभा आणि अनू, आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती. पार्वती म्हणजे आपल्या छाया कदम. गिरणी कामगाराची विधवा, खोलीचे कागद नाहीत, बिल्डर बाहेर काढतोय. उत्तरार्ध तर रत्नागिरीकडच्या तिच्या गावातच घडतो.

महाराष्ट्राबाहेर राहून ही मालिका बघणाऱ्या, वाचणाऱ्या मंडळींना हा सिनेमा मी आवर्जून सुचवतो, आणि सोबत एक विनंती: बघाल तेव्हा मूळ भाषेत, खालची अक्षरं वाचत बघा, डब केलेला मिळाला तरी नको. कारण सांगतो. यात डॉक्टर मनोज नावाचं एक पात्र आहे. केरळातून आलेला, हिंदी जमत नाही म्हणून हैराण झालेला. प्रभा त्याला हिंदी शिकायला मदत करते. तो तिच्यासाठी कविता लिहितो, पण मल्याळममध्ये, कारण मनातलं फक्त त्याच भाषेत सांगता येतं. सगळी पात्रं एकाच भाषेत बोलायला लागली, तर या माणसाची अडचण पडद्यावरून नाहीशीच होईल. मग तो प्रभाशी इतकं चाचरत का बोलतो, हे कळणार कसं? इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जिथे कुठे आपण घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलतो, तिथे हा माणूस ओळखीचा वाटेल. इथे राहण्यासारखं काही कारण आहे का, असं तो प्रभाला विचारू बघतो. प्रभाचा नवरा जर्मनीत, वर्षभर फोनसुद्धा नाही, तिकडून घरी आलाय फक्त एक भात शिजवायचा कुकर. ती एवढंच सांगते की माझं लग्न झालेलं आहे. आणि एका रात्री ती त्या कुकरला मिठी मारून बसते.