कामठीच्या दगडातली पाने

नागपूरजवळच्या कामठी-सिलेवाडा भागातला वालुकाश्म स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी फोडून पाहत असे. १८४५ मध्ये तो नागपुरात आला. शाळा, धर्मप्रसार, गोंडांच्या लिंगो गीताची नोंद, आणि यातून वेळ काढून दगड. त्या दगडांत पाने निघत: लांबट, जिभेच्या आकाराची, मधोमध ठसठशीत शीर आणि दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. ग्लोसोप्टेरिस. भारत आणि ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून हे नाव अडॉल्फ ब्रॉन्यारने १८२८ मध्येच दिले होते. हिस्लॉपच्या संग्रहाचे वर्णन चार्ल्स बनबरीने १८६१ मध्ये छापले आणि त्यातल्या एका पट्टीसारख्या पानाला हिस्लॉपचेच नाव दिले. दोनच वर्षांनी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पूर आलेल्या ओढ्यात बुडाला.

हे थर ज्युरासिक असावेत, असे तो आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर मानत. पाने निघाली पर्मियन, म्हणजे २९.९ ते २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातली.

तेव्हा विदर्भ दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, थंड पट्ट्यात होता. चंद्रपूरच्या इरई नदीकाठी हिमनदीने घासून ओरखडलेला खडक आहे. मे महिन्यात तिथे उभे राहून यावर विश्वास ठेवणे अवघडच. बर्फ हटला आणि दलदलीत ही झाडे माजली. मुळांत हवेच्या पोकळ्या, म्हणून ती पाणथळ चिखलातही तगत. खोडांत ठळक वर्षवलये आहेत आणि पानांचे थरच्या थर साचलेले सापडतात, त्यावरून ती हंगामी पानगळीची असावीत. वणी, चंद्रपूर, उमरेडचा कोळसा मुख्यतः याच रानांचा.

पान इतके परिचित, तरी झाड नेमके कोणते हे सव्वाशे वर्षे कळले नाही. नेचा समजूनच काम चालले. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड यांनी पानालाच जोडलेले प्रजननांग दाखवले. पुढे हे बीजधारी झाड असल्याचे पक्के झाले.

ग्लोसोप्टेरिस म्हटले की कॅप्टन स्कॉटची गोष्ट येतेच. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरणाच्या दारातही त्याच्या तुकडीने सुमारे १६ किलो दगड टाकले नाहीत, आणि त्यांत हीच पाने होती. गोष्ट विलक्षण आहे, पण तिच्या झगमगाटात नागपूरची नोंद पुसट होते, हे मला खटकते. एकच पान भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकात सापडावे, हा या भूखंडांच्या जुन्या जोडणीचा भक्कम पुरावा. त्या जोडणीला आज सगळे जग गोंडवन म्हणते. भूविज्ञानात हे नाव मेडलिकॉटने १८७२ मध्ये आणले, तेव्हा गोंडांची गीते उतरवून घेणारा हिस्लॉप हयात नव्हता.

पर्मियनच्या शेवटी, सायबेरियातल्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकांच्या काळात झालेल्या जीवसंहारात, ही राने संपली. त्यानंतरच्या सुमारे एक कोटी वर्षांचा कोळसा जगात कुठेच नाही. नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे हिस्लॉप-हंटर जोडीला एका उभयचराची कवटी मिळाली होती. रिचर्ड ओवेनने तिला ब्रॅकिऑप्स म्हटले. हा प्राणी त्या संहारानंतरचा.