ओळंबा कुणी हलवला?

बस इथं, चिमे. लोलक विकत कशाला आणायचा? आपल्या हत्यारांच्या पेटीत गवंड्याचा पितळी ओळंबा आहे, खाली टोकदार. जमिनीतलं पाणी शोधणारे पाणाडे कुणी तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरतात, कुणी बेचक्याची फांदी धरतात, कुणी असाच लोलक.

दोरा बिनपिळाचा घे, नाहीतर ओळंबा स्वतःभोवतीच गरगरत बसतो. दोऱ्याची लांबी मोजून घ्यायची. चिमटीपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत पंचवीस सेंटिमीटर ठेवलीस, तर जाऊन परत यायला त्याला एक सेकंद लागतो. चौपट केलीस, म्हणजे एक मीटर, तर दोन सेकंद. ओळंब्याच्या जागी लोखंडी नट बांधलास तरी वेळ तोच.

आता ही पाण्याची वाटी. कोपर टेकवू नको, हात हलवू नको. नुसतं मनात म्हण, ‘पाण्यावर गोल फिर.’ थांब जरा... बघ, टोक थरथरलं. आता वर्तुळ रुपयाएवढं झालं, आता बांगडीएवढं!

“आजोबा, मी नाही हलवत!”

खरं बोलतेस तू. फुलंब्रीकडच्या आपल्या रानात पाणाड्यानं जागा दाखवली होती, तोही खरंच बोलत होता. भर उन्हात तो माणूस घामाघूम झाला होता. त्या जागी बोअर घेतलं, तर तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. तुझ्या आजीनं आणलेला नारळ तसाच राहिला. पण त्यानं मला फसवलं, असं मी कधीच म्हणणार नाही.

फ्रान्समध्ये शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते, १०२ वर्षं जगले. त्यांच्याही हातातला लोलक पाऱ्यावर धरला की डोलायचा. मध्ये काच ठेवली की थांबायचा. मग त्यांनी डोळे बांधून घेतले आणि दुसऱ्याला काच ठेवायला-काढायला सांगितलं. लोलकाला काच कळेचना! १८३३ साली त्यांनी हे सगळं भौतिकशास्त्रज्ञ अँपिअरना पत्रातून कळवलं. हलवत होते त्यांचेच स्नायू, नजरेच्या आणि विचाराच्या मागे मागे जात, त्यांच्या नकळत. झोका कसा चढतो? प्रत्येक फेरीला नेमक्या वेळी इवलासा रेटा. तसंच हे.

मग पाणाड्यांना पाणी लागतं कसं? आपल्याखाली लाव्हाचे थरांवर थर आहेत. घट्ट काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते मुरतं मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि भेगांमध्ये. अशा जागा बऱ्याच असतात, शिवाय जुन्या माणसाची नजर नाल्याचा उतार आणि उंबराचं झाड हेरतेच. वराहमिहिरानं सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त पाणी शोधायच्या खुणा लिहिल्या, त्यात झाडं आहेत आणि वारुळंही. मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी आपल्या शहराला नहर दिली, तीही जमिनीच्या उताराचा हिशेब करूनच. उत्तरेकडून जमिनीखालून येणारं पाणी! रविवारी तुला तिचे बंबे, म्हणजे पाण्याचे मनोरे, दाखवतो.

आधी आजीची ओढणी डोळ्यांना बांध. ओळंबा धर. मी वाटी कधी सरकवीन, कधी परत ठेवीन, आवाज न करता. वाटी आली असं वाटलं की सांग.

“आली! फिरतोय, आजोबा!”

सोड ओढणी. बघ, वाटी कुठं आहे?