इंजिनिअरिंगच्या मधेच विद्यापीठ बदलता येतं का? रत्नागिरीहून ठाण्याला येणं सोपं आणि लोणेऱ्याहून अवघड का असतं?

नवरात्रात टेंभी नाक्यावर देवी बसली की बाहेरगावी शिकणारी ठाण्यातली पोरं घरी येतात. दर्शनाची रांग, रात्रीची गर्दी, तलावपाळीला एक चक्कर, दोन-तीन दिवस मजेत जातात. मग बॅग भरायची वेळ येते आणि एखाद्या घरात हा संवाद हमखास होतो.

"आई, मला नाही जायचं परत. इकडेच कुठेतरी ट्रान्सफर मिळत नाही का?"

कारण काहीही असू शकतं. होस्टेल मानवत नाही, घरी कुणीतरी आजारी आहे, फीचा हिशोब चुकलाय, नाहीतर कॉलेजच्या ब्रोशरमध्ये दाखवलेल्या लॅबला प्रत्यक्षात कुलूप आहे. पोरगं खोटं बोलत नसतं. मग घरचे कामाला लागतात. काका म्हणतात, 'ठाण्यातल्या कॉलेजात आपली ओळख आहे, बघू'. मित्र म्हणतो, 'आता क्रेडिटचं सगळं ऑनलाईन झालंय, एका क्लिकवर होतं'. आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात येते, 'उरलेलं बीटेक एका वर्षात पूर्ण करा'.

यातल्या कुणालाही फोन लावण्याआधी एक गोष्ट करा. मार्कशीट काढा आणि तिच्यावर सगळ्यात वर कुठल्या विद्यापीठाचं नाव छापलंय ते वाचा. पुढचं बरंचसं गणित त्या एका ओळीवर ठरतं.

आता नकाशा बघू. ठाण्याहून मुंबई-गोवा महामार्गाने निघालं की माणगावच्या पुढे लोणेरे लागतं. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. याच रस्त्याने आणखी खाली गेलं की रत्नागिरी, म्हणजे दुपटीहून जास्त अंतर. तिथे फिनोलेक्स अकॅडमी हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. साधा विचार केला तर लोणेऱ्याच्या पोराला ठाण्यात येणं सोपं वाटेल. पण प्रत्यक्षात उलटं आहे.

कारण मुंबई विद्यापीठ फक्त मुंबईपुरतं नाही. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असं सात जिल्ह्यांचं त्याचं कार्यक्षेत्र आहे. रत्नागिरीतलं ते कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे आणि ठाणे, डोंबिवली, ऐरोलीतली बहुतेक जुनी इंजिनिअरिंग कॉलेजंही त्याच विद्यापीठाची. म्हणजे रत्नागिरीची मुलगी घोडबंदर रोडच्या कॉलेजात आली तर ती कॉलेज बदलते, विद्यापीठ तेच राहतं. लोणेऱ्याचा मुलगा मात्र रायगड जिल्ह्यातूनच येत असला तरी त्याचं विद्यापीठ बदलतं.

लोणेऱ्याच्या विद्यापीठाची आणखी एक गंमत आहे. १९८९ साली ते उभं राहिलं तेव्हा ते आपल्या आवारापुरतं होतं. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरातली कॉलेजं जोडून घ्यायची मुभा मिळाली. त्यामुळे पुणे, मराठवाडा, विदर्भ कुठलंही कॉलेज लोणेऱ्याशी जोडलेलं असू शकतं आणि ठाणे जिल्ह्यातलंही. म्हणून कॉलेजचा पत्ता बघून अंदाज बांधायचा नाही. मार्कशीट बघायची.

मग नेमकं अडतं कुठे?

दोन ठिकाणी. पहिली अडचण सीटची आणि दुसरी विषयांची.

सीटचं असं आहे की ट्रान्सफर हा विद्यार्थ्याचा हक्क नाही. समोरच्या कॉलेजात, त्याच ब्रँचला, त्याच वर्षाला, मंजूर संख्येतली जागा रिकामी असेल तरच दार उघडतं. आणि त्या रिकाम्या जागेवर डोळा ठेवून बसलेले तुम्ही एकटे नसता. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारे विद्यार्थी असतात. त्यांच्यासाठी ठरावीक जागा वेगळ्या असतातच, शिवाय पहिल्या वर्षाला न भरलेल्या जागाही त्यांच्या प्रवेशप्रक्रियेत जातात. त्यामुळे कॉम्प्युटरसारख्या मागणी असलेल्या ब्रँचला, स्टेशनजवळच्या चांगल्या कॉलेजात जागा शिल्लक राहणं दुर्मीळ. सिव्हिल, मेकॅनिकलला जरा बरी शक्यता असते. काकांची ओळख कितीही पक्की असली तरी नसलेली सीट तयार करता येत नाही.

दुसरी अडचण म्हणजे विषय. याला विद्यापीठाच्या भाषेत समकक्षता म्हणतात. तुम्ही जुन्या विद्यापीठात जे शिकलात ते नव्या विद्यापीठाच्या विषयांशी एकेक करून ताडून बघतात. नाव सारखं असून भागत नाही, आतला अभ्यासक्रम आणि क्रेडिट जुळावे लागतात.

उदाहरण घेऊ. २०१९ च्या अभ्यासक्रमात मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग म्हणजे सी लँग्वेज होती. त्याच वेळी पुणे विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला पोरं पायथन शिकत होती. मुंबईत फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही सेमिस्टरला थोडं थोडं, तर पुण्यात एका सेमिस्टरला एक आणि दुसऱ्याला दुसरं. दोन्हीकडचं पोरगं 'फर्स्ट इयर पास'च म्हणणार. पण विषयांचा तक्ता शेजारी ठेवला की फट दिसते. ती फट भरायला राहिलेला विषय वेगळा द्यावा लागतो, टर्मवर्क आणि ओरलसकट. म्हणजे तुम्ही नापास झालेला नसता आणि तरी केटीसारखं ओझं पाठीवर असतं.

पहिलं वर्ष सगळ्या ब्रँचला बरंचसं समान असतं, म्हणून तिथे फट लहान. दुसऱ्या वर्षानंतर ती वाढत जाते. तिसऱ्या वर्षाला प्रत्येक विद्यापीठाचे इलेक्टिव्ह वेगळे, प्रोजेक्टची पद्धत वेगळी. शेवटच्या वर्षाला विद्यापीठ बदलण्याचा विषयच सहसा निघत नाही.

यात एक कोपरा लोक विसरतात. स्वायत्त कॉलेजं. माटुंग्याचं व्हीजेटीआय २००४ पासून स्वायत्त आहे, अंधेरीचं सरदार पटेलही स्वायत्त. पदवी मुंबई विद्यापीठाचीच, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची स्वतःची. म्हणजे एकाच विद्यापीठात राहूनही अशा कॉलेजात जायचं किंवा तिथून बाहेर पडायचं तर विषय ताडून बघावेच लागतात.

पण आता एबीसी आयडी आहे ना?

आहे. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ साली सुरू झाली. डिजिलॉकरमधून आयडी काढायचा आणि मिळवलेले क्रेडिट तिथे जमा होतात, अशी ती योजना. तिच्यामुळे झालं काय, तर तुम्ही किती क्रेडिट कमावलेत याची नोंद एका जागी राहते. ते क्रेडिट कुठल्या विषयाच्या बदल्यात धरायचे हे मात्र नवं विद्यापीठच ठरवतं. आणि सीट तर एबीसी देतच नाही. पासबुकात पैसे आहेत म्हणून दुकानदाराकडे माल असेलच असं नाही, तसं आहे हे.

त्याच नियमात आणखी एक अट आहे. ज्या संस्थेकडून पदवी घ्यायची तिथे किमान निम्मे क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. बीटेक साधारण १६० क्रेडिटचं धरलं तर ८० तिथले हवेत, म्हणजे जवळपास दोन वर्षं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीनंतर दार का बंद होत जातं ते यावरून कळेल.

आता पैशाचं बघू, कारण घरात सगळ्यात मोठा धक्का इथे बसतो.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची १०० टक्के शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो, आणि अभिमत तसंच स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं या योजनेच्या बाहेर आहेत. समजा, एखादी मुलगी पुणे विद्यापीठाच्या कॉलेजात फी न भरता शिकतेय. घराजवळ म्हणून ती मुंबईतल्या एखाद्या खासगी विद्यापीठात आली, तर प्रवास वाचेल, पण पूर्ण फी खिशातून जाईल. आणि ती फी लाखांत असते.

टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण फी माफीच्या जागेवर प्रवेश घेतला असेल तर नियम आणखी कडक आहे. त्या जागेवरच्या विद्यार्थ्याला कुठल्याही परिस्थितीत संस्था किंवा ब्रँच बदलता येत नाही. प्रवेशाच्या वेळी ही ओळ कुणी वाचत नाही.

शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनीही अर्ज करण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात एकदा विचारून घ्यावं. कॅपच्या बाहेरून मिळालेल्या जागेवर महाडीबीटीचा अर्ज पुढे सरकेल, हे गृहीत धरू नये.

आणि नवरात्रातला तो पोरगा? तो आताच निघाला तर त्याला फी परत मिळते का? यूजीसीच्या २०१८ च्या नियमात टप्पे आहेत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण फी, १५ दिवसांच्या आत आलात तर ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काही नाही. मधल्या काही वर्षांत यूजीसीने यापेक्षा जास्त सवलत दिली होती, पण भरवसा मूळ टप्प्यांवरच ठेवावा. दिवस मोजून बघा. उशीर झाला असेल तर सेमिस्टर पूर्ण करणंच शहाणपणाचं, कारण पुढे दुसऱ्या वर्षाला सीट मागायची तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात. केटी अंगावर असताना दुसरं विद्यापीठ सहसा दारात उभं करत नाही.

कॉलेज मूळ कागदपत्रं अडवून 'चारही वर्षांची फी भर आणि मग जा' म्हणत असेल, तर तसं करायला त्यांना परवानगी नाही. यूजीसी आणि एआयसीटीई दोघांचेही नियम यावर स्पष्ट आहेत. चालू वर्षाची थकलेली फी मात्र भरावी लागते.

कागदांचा क्रम चुकवू नका

हे सगळं वाचूनही जायचंच असेल तर हालचाल मे-जूनपासून सुरू करायची. नव्या कॉलेजात जागा किती ते विचारायचं, अर्ज द्यायचा, जुन्या कॉलेजची ना हरकत घ्यायची. मार्कशीट आणि शिक्का मारलेली सिलॅबसची प्रत जोडायची. ही प्रत लोक विसरतात आणि मग समकक्षतेचं प्रकरण आठवडेच्या आठवडे टेबलावर पडून राहतं. नव्या विद्यापीठाची लेखी मान्यता हातात आली की मगच लिव्हिंग सर्टिफिकेट काढायचं, आणि विद्यापीठ बदलत असेल तर जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशनही.

बरेच जण उलटं करतात. रागात आधी एलसी काढतात. मग नवीन ठिकाणी विषय जुळत नाहीत, जुन्या ठिकाणी नाव कमी झालेलं असतं, आणि एक वर्ष हवेत जातं. मुंबईत त्याला ड्रॉप म्हणतात, पुण्यात वायडी. नाव काहीही असलं तरी प्लेसमेंटच्या फॉर्मवर तो गॅप म्हणून दिसतो.

निकालाची तारीखही आपल्या हातात नसते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. कुलगुरू संजय देशमुख यांना त्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी पदावरून दूर केलं. पण ज्यांना तेव्हा दुसरीकडे प्रवेश घ्यायचा होता त्यांच्या जागा काही थांबून राहिल्या नाहीत. म्हणून जुनं कॉलेज शेवटपर्यंत धरून ठेवायचं.

कधीकधी कॉलेजच विद्यापीठ बदलतं. विद्याविहारचं के. जे. सोमय्या इंजिनिअरिंग कॉलेज २०१९ मध्ये सोमय्या विद्याविहार विद्यापीठात गेलं. तेव्हा आधी प्रवेश घेतलेल्या तुकड्या मुंबई विद्यापीठाचीच पदवी घेऊन बाहेर पडल्या. अशा वेळी विद्यार्थ्याला घाबरायचं कारण नसतं, फक्त केटी राहिली असेल तर जुन्या पद्धतीची परीक्षा कधीपर्यंत होणार ते विचारून ठेवायचं.

राहता राहिली ती इन्स्टाग्रामची जाहिरात. 'क्रेडिट ट्रान्सफर करून एका वर्षात बीटेक, कॉलेजला यायची गरज नाही.' यात फसणारे बहुतेक जण दोन-तीन केटींमुळे थकलेले, नोकरीला लागलेले असतात. ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या इंजिनिअरिंग पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना एआयसीटीईची परीक्षा द्यायला लावली. त्यानंतरच्या पदव्या थेट रद्द. त्यातले कित्येक जण तोवर नोकरीत बढत्या घेऊन बसले होते. एजंट पावती देतो, पदवीही देतो. ती पदवी पासपोर्ट ऑफिसला चालते, बँकेला चालते, आणि दहा वर्षांनी एखाद्या पडताळणीत अडकते.

टेंभी नाक्याच्या त्या घरात आईने पोराला काय सांगावं? या नवरात्रात तरी परत जा, दोन्ही सेमिस्टरचे सगळे विषय काढ. तोवर आम्ही तुझ्याच विद्यापीठाची जवळची कॉलेजं कुठली ते बघतो. त्यात जमलं नाही तर दुसऱ्या विद्यापीठाचं बघू. आणि तिकडे राहणंच अशक्य असेल तर सीईटी पुन्हा देऊन कॅपमधून पहिल्या वर्षाला नव्याने बसायचा रस्ता आहेच. वर्ष जातं, पण सीट स्वतःची असते.