वाट आहे, पण वर्दी नाही

४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊ वाजून गेल्यावर शिरूरपासून दौंडपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या हाती व्हॉट्सॲप होते त्यांचे संदेश जागच्या जागी थबकले, आणि सुमारे सहा तास साऱ्या जगाचीच ही अवस्था राहिली. व्हॉट्सॲपची मालक असलेल्या फेसबुक कंपनीची यंत्रे शाबूत होती. परंतु देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने तिच्या अंतर्गत जाळ्याचे दुवे तुटले, आणि तिच्या संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रांकडे कोणत्या वाटेने यावे हे जगास कळविणारी वर्दीच मागे घेतली गेली.

राउटर नावाचे यंत्र शेजारच्या राउटरास ‘अमुक पत्त्यांकडे जावयाचे असल्यास माझ्याकडून जा’ असे कळविते, तो आपल्या शेजाऱ्यास कळवितो, आणि गावोगाव पिटल्या जाणाऱ्या दवंडीप्रमाणे ही वार्ता दूरदूर पोहोचते. मोठ्या जाळ्यांमधील या कळवाकळवीच्या नियमांना बीजीपी म्हणतात. त्यांचा पहिला आराखडा किर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर या अभियंत्यांनी १९८९ साली भोजनाच्या वेळी कागदी रुमालांवर काढला होता.

समजा, शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे मुख्य कार्यालय आहे, भीमेपलीकडे दौंड तालुक्यात कुरकुंभला त्याचे दुसरे आवार आहे, दोन्हींचे राउटर बीजीपीने बोलतात, आणि एके सकाळी कुरकुंभच्या हिशेबनिसास रांजणगावचे जुने सर्व्हर दिसतात, पण नव्याने बसविलेला दिसत नाही. न्हावरा-चौफुला रस्त्यावर खोदकामात केबल तुटली असेल, हा आपल्याकडचा पहिला तर्क येथे निरुपयोगी ठरतो, कारण जुने सर्व्हर दिसतात त्या अर्थी केबल अखंड आहे आणि दोन्ही राउटरांचे बोलणेही चालू आहे. अडली आहे ती नवा सर्व्हर ज्यात आहे त्या पत्त्यांच्या एकाच गटाची वर्दी, आणि ती कोणत्या नाक्यावर अडली एवढाच तपास उरतो. प्रथम रांजणगावच्या राउटराच्या स्वतःच्या वाटांच्या कोष्टकात तो गट आहे काय हे पाहावे. कारण १०२४ पत्त्यांचा गट जाहीर करण्याचा हुकूम दिला आणि कोष्टकात त्यातील २५६ पत्त्यांचीच नोंद असली, तर तंतोतंत जुळणीवाचून बीजीपी तो गट जाहीर करीत नाही, आणि चूक झाल्याची तक्रारही करीत नाही. तेथे सारे यथास्थित असल्यास जावक फिल्टर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वर्द्यांची चाळणी, तपासावा; त्याच्या यादीत ज्या गटाचे नाव नाही त्यास मज्जाव असतो. मग कुरकुंभचा आवक फिल्टर. कधी कधी वर्दी पोहोचते, दप्तरी दाखलही होते, तरी वापरात येत नाही, कारण तिच्यात सांगितलेला पुढचा टप्पा, ज्यास नेक्स्ट हॉप म्हणतात, तोच कुरकुंभच्या राउटरास अज्ञात असतो. नवख्यांचे तासन् तास खाणारा दोष बहुधा हाच.

अशा वेळी सर्व फिल्टर काढून टाकण्याचा मोह अनावर होतो, आणि माझ्या मते या व्यवसायातील सर्वांत घातक मोह तोच आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरती यूट्यूबवर बंदी घालण्यासाठी काढलेली वर्दी सरहद्द ओलांडून बाहेर गेली, तिला जगाशी जोडणाऱ्या वरच्या कंपनीने तिची शहानिशा न करता ती पुढे धाडली, आणि जगभरातील यूट्यूबचे प्रेक्षक पाकिस्तानच्या दिशेने वळले. कारण यूट्यूबने १०२४ पत्त्यांचा गट जाहीर केला होता, तर पाकिस्तानने त्यातीलच २५६ पत्त्यांचा, आणि राउटर नेहमी अधिक नेमक्या वर्दीस मान देतो. आपल्या देशातही १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून परक्यांच्या मालकीच्या तीस हजारांहून अधिक गटांच्या वर्द्या बाहेर पडल्या होत्या. कोणता गट कोणी जाहीर करावा याचा स्वाक्षरीयुक्त दाखला आता मालकास नोंदविता येतो, आणि ज्या कंपन्या तो ताडून पाहतात त्यांच्याकडे खोटी वर्दी बाद होते. मात्र दाखल्यात लिहिलेल्या मर्यादेहून लहान गट जाहीर केल्यास मालकाची खरी वर्दीही तेथे बादच ठरते, म्हणून तपासाच्या यादीत हा दाखला असलाच पाहिजे.

तेव्हा दोष जावक फिल्टरात सापडला, तर रांजणगावच्या त्या यादीत नव्या गटाची एकच ओळ वाढवावी, बाकी फिल्टर जसाच्या तसा ठेवावा, आणि आपल्या राउटरवर वर्दी गेल्याची नोंद दिसते एवढ्यावर न विसंबता कुरकुंभला दूरध्वनी करून तेथील कोष्टकात तो गट आला काय हे तेथील माणसाकडून प्रत्यक्ष तपासून घ्यावे, आणि कुरकुंभकडे परतीची वाट आपल्या राउटरास ठाऊक आहे काय हेही पाहावे.