एकवीस चौकटींत मराठी

१९८२ साली इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा छोटा घरगुती संगणक बाजारात आणला. रबरी बटणं, पडदा म्हणून घरचाच टीव्ही, आणि प्रोग्रॅम भरायला साधी ऑडिओ कॅसेट. त्याचं उत्पादन कधीच बंद झालं. पण गंमत अशी, की त्याच्यासाठी नवे खेळ आजही तयार होतात. हौशी मंडळी नोकरीधंदा सांभाळून ते लिहितात. स्पेनमधला 'मोहोन ट्विन्स' हा गट तर खेळ करतोच, शिवाय खेळ करण्याची साधनंही फुकट देतो. अशा खेळांना 'होमब्रू' म्हणतात. आपण घरगुती म्हणू.

आता हे करतात कसं? लिहायचं आजच्या लॅपटॉपवर. तपासायचं एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. खरं यंत्र जवळ असेल तर प्रोग्रॅमचा आवाज करून तो मोबाइलमधून वायरीने आत सोडायचा. यंत्राला वाटतं, कॅसेटच वाजतेय!

खरी कसोटी जागेची. ४८ के.बी.च्या यंत्रात पडद्याचं चित्रच ६,९१२ बाइट खातं. पडदा ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींत विभागलेला, आणि एका चौकटीत एका वेळी दोनच रंग. लाल शिपाई हिरव्या झाडासमोरून गेला की झाड तरी लाल होतं, नाहीतर शिपाई तरी हिरवा. म्हणून बरेच जण मागची बाजू काळीच ठेवतात.

हे वाचून मला खुमखुमी आली. म्हटलं, या पडद्यावर मराठी उमटेल का? यंत्राला फक्त इंग्रजी अक्षरं ठाऊक. मात्र आपल्या मनाची २१ चिन्हं करायची सोय त्यात आहे. एका चिन्हाला ८ बाइट. प्रत्येक बाइट म्हणजे ठिपक्यांची एक ओळ.

मी 'पाणी' हा शब्द घेतला. पहिली ओळ पूर्ण भरली की शिरोरेषा तयार, आणि शेजारच्या चौकटीला ती आपोआप जुळते. तेव्हा मी एकटाच हसलो! पण वेलांटी शिरोरेषेच्या वर. तिथे जागाच नाही. शेवटी वरच्या रांगेतल्या दोन चौकटी घेतल्या. प, काना, ण आणि वेलांटीचे दोन तुकडे, अशी पाच चिन्हं लागली. 'णी'चा दंड म्हणजे तोच काना, पुन्हा वापरला. चाळीस बाइटमध्ये शब्द बसला.

पुढे जोडाक्षरं, उकार, मात्रा. एकवीस कुठे पुरतात! पण ही चिन्हं स्मृतीत कुठे ठेवलीत तो पत्ता बदलता येतो. पत्ता बदलला की नवी एकवीस हजर, आणि आधीची पडद्यावर तशीच राहतात. ऱ्हस्व वेलांटीची तऱ्हा वेगळी: बोलताना 'क' आधी, पण पडद्यावर तिचा दंड आधी छापावा लागतो. इतकी वर्षं मराठी लिहितोय, पण हे कधी जाणवलंच नव्हतं.

माझा खेळ अजून अर्धाच आहे. शब्द ओळखायचा, बस्स. पण या यंत्राची निर्मिती थांबली म्हणून त्याची गोष्ट संपली असं नाही. त्या गोष्टीत मराठीची ओळ नसेल, तर ती आपणच लिहायची. तुम्हीही चौकटीच्या वहीत ८ बाय ८ चा एक 'क्ष' काढून बघा. मग कळेल आपली लिपी किती जागा मागते ते.